तांबडा रस्सा आणि रेड वाइन: बाटली खराब होती की आमची जीभ?

धायरीकर_अभि

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिलाच आहे, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी बाबांची एकसष्टी झाली. हॉल वगैरे नको म्हणाले म्हणून घरीच जमलो सगळे, आम्ही, ताई-भावजी, काका-काकू आणि पोरं. आई माहेरची कोल्हापूरची त्यामुळे बेत काय असणार ते सांगायलाच नको, तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, आणि पोरांसाठी बाजूला काढलेलं अळणी. भावजी येताना रेड वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आले. शिराझ (ही काळ्या द्राक्षाची जात म्हणे), नाशिककडची, बाराशेच्या आसपासची, मागे लेबलवर फुल बॉडीड, ड्राय असं काय काय लिहिलेलं. कंपनीचं नाव नाही घेत कारण चूक कोणाची तेच अजून कळलेलं नाही.

आता आमच्या घरात वाइन म्हणजे बाबा पूर्वी गोव्याहून आणायचे ती पोर्ट, गोडमिट्ट, खोकल्याच्या औषधासारखी. त्या हिशोबाने सगळ्यांनी मोठा घोट घेतला आणि एकेकाचं तोंड बघण्यासारखं झालं. काकू म्हणाल्या, आवळकाठी उकळून आणलीये का? ठीके, पहिल्यांदा असंच होत असेल म्हणून जेवायला बसलो, रेड मीटबरोबर रेड वाइन हे तर आजकाल शेंबडं पोरगंही सांगतं, आणि तिथे खरी वाट लागली. तांबड्याचा एक भुरका आणि त्यावर वाइनचा घोट, अहो कानातून धूर! रस्सा दुप्पट तिखट लागायला लागला, वाइन कडूजहर, मग ते तिखट विझवायला अजून एक घोट की अजून आग. भावजी बिचारे तोंड पाडून बसले.

गंमत एकच. बाबांना अॅसिडिटीमुळे डॉक्टरांनी तिखट बंद केलंय म्हणून ते माझ्या पोराबरोबर अळणीच जेवत होते, आणि ते एकटेच म्हणत होते, "का रे, चांगली आहे की!" आम्हाला वाटलं जावयाचं मन राखतायत.

तर बाटली खराब होती का, आणि ते ओळखतात कसं? ड्राय म्हणजे नक्की काय, ओली वस्तू कोरडी कशी? आणि मुख्य म्हणजे दुसरी बाटली अजून शिल्लक आहे, फ्रीजच्या वर ठेवलीये, पुढच्या महिन्यात ताईचा वाढदिवस आहे, तेव्हा भावजींची गेलेली अब्रू परत आणायचीये. बरोबर करू काय?


सदाशिवकर

बाराशे रुपये देऊन काढा प्यायलात आणि वर तांबड्याचीही माती केलीत. तांबड्याच्या जोडीला पांढरा दिलेला असतो तो उगाच नाही. दुसरी बाटली भावजींना परत करा, हा माझा सल्ला.

बाकी फ्रीजच्या वर कशाला ठेवता, ती जागा गरम असते.


कॅम्पवाली

सदाशिवकरांची शेवटची ओळ तेवढी घ्या, बाकी सोडून द्या :)

अभि, बाटलीही ठीक होती आणि जीभही. जोडी चुकली. मी हॉटेलात सर्व्हिसला आयुष्य काढलंय, हाच प्रकार टेबलाटेबलावर बघितलाय, लोक मोठ्या हौसेने महागातली रेड मागवतात आणि समोर चिकन कोल्हापुरी.

आधी ड्राय. ड्राय म्हणजे गोड नाही, एवढंच. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्टने खाल्ली, तिची अल्कोहोल झाली, मागे जवळपास काही राहिली नाही, साधारण लिटरमागे ४ ग्रॅमच्या आत, की ती ड्राय. पोर्तुगालची जी खरी पोर्ट आहे तिच्यात साखर बरीच शिल्लक असतानाच वरून द्राक्षाचं कडक स्पिरिट ओततात, आंबायची क्रिया तिथेच थांबते, म्हणून ती गोडही आणि कडकही. फुल बॉडीड हा वेगळा मुद्दा, तो तोंडात ती किती भरल्यासारखी वाटते त्याचा. कटाची आमटी आणि घोटलेलं वरण यांत जिभेला जो फरक लागतो तोच.

मग तोंड कोरडं का पडलं? तर ते टॅनिन. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, तुरट. जांभूळ, कच्चं केळं, सुपारी, गॅसवर विसरलेला कोरा चहा, सगळे एकाच गोत्रातले. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत ते असतं, लाकडी पिंपात ठेवली की थोडं लाकडातूनही येतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासायला लागते. आता त्याच कडक चहात दूध घाला, तुरटपणा गेला! कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, तुमच्या लाळेच्या वाट्याला कमी येतं. मटण वाइनच्या बाबतीत हेच दुधाचं काम करतं. प्रथिनं, चरबी आणि मीठ. रेड मीट-रेड वाइन हे जे म्हणतात ते या तिघांमुळे, मांसाच्या रंगामुळे नाही. आणि ज्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं त्यांच्या मटणात मीठ आणि मिरी सोडून काही नव्हतं हो, संकेश्वरी मिरची नव्हती.

मिरची आली की गणित उलटं फिरतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या नसांना भाजल्याची वर्दी देतं, त्याच नसांना अल्कोहोलही डिवचतं. तुमच्या बाटलीवर १३-१४ टक्के लिहिलेलं असेल, बघा. म्हणजे तुम्ही आग विझवायला रॉकेल ओतत होता. त्यात तापलेल्या जिभेला टॅनिन अजून कडू आणि खरखरीत लागतं.

आणि बाबा मन राखत नव्हते, खरं बोलत होते. अळणीत काय असतं? हाडातली चरबी, मीठ, आलं-लसूण, हळद, आणि मिरची शून्य. तुमच्या अख्ख्या पंगतीत त्या वाइनसाठी बरोबर असलेलं ताट ते एकच होतं आणि ते तुम्ही पोरांना वाढलंत.

अजून एक, बाटली कुठून काढून ओतलीत? कपाटातून असेल तर पुण्यातल्या एप्रिलमध्ये ती ३२-३४ डिग्रीला होती. रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यावी म्हणतात ती रूम युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ डिग्री. गरम रेडमधून आधी अल्कोहोलचा भपकारा येतो, मग बाकीचं काही कळतच नाही. प्यायच्या आधी पाऊण तास खालच्या फ्रीजमध्ये टाका, फ्रीझरमध्ये नाही. फार गार केली तरी पंचाईत, वास मिटतो आणि तुरटपणा वर येतो.


सदाशिवकर

बरं. अळणी म्हणजे अ-लवण, बिनमिठाचं. त्यात मीठ असतं हे कोल्हापूरकरांनी शब्दकोशाला कळवलं होतं का?


धायरीकर_अभि

@कॅम्पवाली ताई, साष्टांग दंडवत. चहा-दुधाचं वाचून डोक्यात एकदम लख्ख पडलं. बाबांना वाचून दाखवलं तर ते आता दोन दिवस आम्हाला ऐकवतायत.

बाटली फ्रीजच्या वरून काढून खाली पलंगाच्या खणात आडवी ठेवलीये. पहिल्या बाटलीतली उरलेली अर्धी वाइन बूच लावून फ्रीजमध्ये आहे, ती चालेल का अजून?


कॅम्पवाली

ताई नको, काकू चालेल, वय झालंय. अर्धी उरलेली फ्रीजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते, मग हळूहळू मिळमिळीत होते, मटण शिजवताना घालून टाका. खराब बाटलीचं विचारलं होतंत ते राहिलंच. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर बूच बिघडलेलं, ती परत द्यावी. व्हिनेगरसारखा झणका, तर आंबून गेली. आणि उन्हात ठेवलेल्या गाडीत किंवा दुकानाच्या काचेत भाजून निघालेली असेल तर फळाचा ताजेपणा जाऊन मोरावळ्यासारखा शिजका वास येतो, कधीकधी बूचही वर आलेलं दिसतं. नुसती तुरट लागली म्हणजे खराब नव्हे. पुण्यात उन्हाळ्यात बाटली घेताना दुकानात एसी आहे का हे बघून घ्या, ब्रँड नंतर.


मसालेभात

सगळं मटण मटण चाललंय. आम्ही शाकाहारी लोकांनी काय पाप केलंय? प्रथिनं आणि चरबी म्हणजे पनीर का परत? पनीर खाऊन खाऊन कंटाळा आलाय. आणि आमच्याकडे कुठल्याही भाजीत गुळाचा खडा पडतोच, त्याचं काय?


मृणू_बाणेर

@मसालेभात, माझा विषय! गेल्या वर्षी मी आणि नवऱ्याने एक कॅबरने-शिराझ (या दोन जातींची द्राक्षं मिसळून केलेली) आणली आणि तीन संध्याकाळी घरात जे जे केलं त्याच्याबरोबर दोन-दोन घोट घेऊन बघितले, वहीत लिहून ठेवलंय (हो, आम्ही तसलेच आहोत).

बाकरवडी: सपशेल नापास. गोड-आंबट-तिखट एकदम, वाइन एकदम पाणचट आणि आंबट लागली. पदार्थ गोड असला की ड्राय वाइन आहे त्यापेक्षा आंबट आणि कडू लागते, हे आम्हाला बाकरवडीने शिकवलं. तसंच गोड चॉकलेट आणि रेड वाइन, जे सिनेमात दाखवतात ना, मला तर अजिबात झेपलं नाही, अगदी कडू डार्क असेल तर ठीक.

भरली वांगी पहिल्या दिवशी नेहमीसारखी गूळ-चिंच घालून, बोर. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची नजर चुकवून गूळ वगळला, दाण्याचं कूट आणि सुकं खोबरं थोडं जास्त भाजलं, गोडा मसाला तोच, आणि काय सांगू, वाइनचा तुरटपणा कुठे गेला कळेना. दाण्याच्या तेलाने काम केलं असणार. वांग्याचं भरीतही भारी, पण गॅसवर साल काळंकुट्ट होईपर्यंत भाजलेलं, वरून कच्च्या तेलाची धार, हिरवी मिरची जवळपास नाहीच. मसालेभात (तुमच्या नावाला जागून सांगते) साजूक तूप सढळ हाताने, तोंडली, काजू, लिंबू पिळलेला, मस्त जमला. वालाची उसळ मात्र नाही जमली, वालाचा कडवटपणा आणि वाइनचा, दोघं भांडले.

चीज म्हणाल तर जुनं, कडक, खारट बघून घ्या, कोरेगाव पार्काकडे गेलात तर एबीसी फार्म्सला डोकावा. पण खरं सांगू, आपलं फ्रीजमधलं साधं क्यूब चीजसुद्धा मीठ-चरबीचं काम करतं, नाक मुरडायचं कारण नाही.

आणि हो, बांगडा! माझं माहेर रत्नागिरी, म्हटलं बघू तरी. लोखंडी खिळा चाटल्यासारखं लागलं. माशाबरोबर तसली काळी-दाट रेड नकोच.


पाषाणकर_रसायन

मृणूताईंच्या खिळ्याला दाद देतो, कारण तो खरंच लोखंडाचाच आहे. रेड वाइनमध्ये अल्प प्रमाणात लोह असतं, त्याची माशाच्या तेलाशी गाठ पडली की तो हिंवस धातूसारखा वास तयार होतो.

पण मला कॅम्पवाली काकूंच्या उत्तरात एक भर घालायचीये. सगळे टॅनिन-चरबी यावर थांबतात. वासाचं काय? शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो असं लेबलवर लिहितात तेव्हा लोकांना ती जाहिरातबाजी वाटते. ती नाहीये. रोटंडोन नावाचं एक द्रव्य आहे, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शिराझमधला मिरीचा वास त्याचा आहे हे दाखवलं, आणि तेच द्रव्य खऱ्या काळ्या मिरीतही आहे. म्हणजे शिराझ मिरी'सारखी' नाही, वासापुरती मिरीच. गंमत म्हणजे पाचातल्या एका माणसाला ते द्रव्य जवळपास ओळखूच येत नाही. त्यामुळे टेबलावर एकाला मिरी आली आणि दुसऱ्याला नाही तर भांडू नका, दोघंही खरं बोलतायत.

पुढे ओकच्या लाकडाच्या पिंपाचं घ्या. भाजलेल्या ओकमधून युजेनॉल येतं, लवंगेचा वास ज्याचा तेच. ओकमध्ये, विशेषतः अमेरिकन ओकमध्ये, लॅक्टोन प्रकारचं अजून एक द्रव्य असतं त्याचा वास चक्क खोबऱ्याचा. आणि पिंप आतून आगीवर शेकतात त्यामुळे धूर, व्हॅनिला. आता मला सांगा, मिरी, लवंग, सुकं खोबरं, भाजका धुरकट वास, हा कुठल्या देशाचा मसाला झाला? काळ्या मसाल्याचा डबा उघडून बघा! आपलं खाणं आणि ही वाइन जमत नाही असं जे म्हणतात त्यांना एवढंच म्हणायचंय की वाटण जमतं, मिरची आडवी येते. लवंगी किंवा संकेश्वरी काढून ब्याडगी नाहीतर काश्मिरी घाला, रंग तोच येतो, जाळ नाही.


शनिवारवाडा_रायडर

एवढं शास्त्र कशाला, मला तर तिखट मटण आणि रेड वाइन हा जाळच आवडतो. घाम फुटला पाहिजे. मिसळीबरोबर पण घेतलीये.


कॅम्पवाली

@रायडर, मग प्रश्नच मिटला की, तुमच्या जिभेवर माझी सत्ता नाही. काही लोकांना तो भडका आवडतो. फक्त मिसळीबरोबर हजाराची बाटली उघडलीत तर मिसळच कळणार, वाइनचे पैसे फरसाणात गेले समजा.

@पाषाणकर, लवंग-खोबऱ्याचं वाचून मी आत्ता उठून मसाल्याचा डबा हुंगून आले. इतकी वर्षं पाहुण्यांना 'क्लोव्ह, कोकोनट' असं पाठ म्हणून दाखवायचे, घरातल्या डब्याशी नातं जोडायचं सुचलं नाही.


द्राक्षबाग

राम राम मंडळी. आमची बाग नारायणगावच्या पुढे, सध्या खरड छाटणी चालू असल्याने दिवसभर वेळ नसतो म्हणून रात्री लिहितोय, चुका पोटात घाला.

वाइनच्या द्राक्षावर दोन गोष्टी सांगतो कारण लोकांना वाटतं खायची द्राक्षं चेचली की झाली वाइन. आमची जम्बो बघितली असतील, आवळ्याएवढा मणी, कडक, गोड, सगळा गर आणि पाणी. वाइनचं द्राक्ष याच्या बरोब्बर उलट. मणी बोराच्या बीएवढा, आत बिया, साल जाड. तोंडात टाकलं तर चोथाच फार, म्हाताऱ्या माणसाने तर थुंकूनच टाकावं. पण मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग-तुरटपणा सगळा सालीत. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक वेळा पांढराच निघतो, पिळून बघा. रेड करताना सालीसकट आंबवतात, पांढरी करताना साल आधीच बाजूला. तुमच्या काकूंना जी आवळकाठी लागली ती साल होती.

दुसरं म्हणजे आपल्याकडे वेलीला वर्षात दोन छाटण्या, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी. वेल थंडीत झोपतच नाही. त्यामुळे तिकडे युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडणी, हवा गार होत जाताना, आणि आपली जानेवारी ते मार्च, हवा तापत जाताना. साखर भराभर चढते. साखर जास्त म्हणजे पुढे अल्कोहोल जास्त. म्हणून आपल्या रेडमध्ये पिकल्या फळाचा दणका असतो, त्या हिशोबानेच तिला ताट द्यावं, उगं तिकडची पुस्तकं वाचून नाही. कोणाला छाटणीचं खोलात समजून घ्यायचं असेल तर मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, पुण्यातल्या पुण्यात.

मी स्वतः माळकरी, पीत नाही. पण माल घालायचो वायनरीला, तेव्हा तिथल्या साहेबाने वास घ्यायला लावलं होतं. जांभळाचा वास आला होता मला, आणि ओल्या चुलीचा.


पाषाणकर_रसायन

माळकरी माणसाने एका हुंगण्यात जे सांगितलं ते आम्ही लोक दहा ओळी लिहून सांगत नाही. जांभूळ आणि ओली चूल. क्या बात.


धायरीकर_अभि

@द्राक्षबाग दादा, कमाल. आता एक बावळट प्रश्न, चव घ्यायची कशी? भावजी ग्लास गोल गोल फिरवत होते, त्यावरून पण सगळे हसले. आणि ग्लासच्या आत ओघळ येतात ते जितके जास्त तितकी वाइन भारी असं ते म्हणाले, खरं का?


कॅम्पवाली

ओघळांचं खोटं. ते अल्कोहोल उडून जाताना पृष्ठताण बदलतो त्याने येतात, फार तर अल्कोहोल जास्त आहे एवढं कळतं. फिरवणं मात्र खरं. ग्लास एक तृतीयांशच भरा, पोटाला मोठा आणि तोंडाला निमुळता काचेचा ग्लास बघा, तुळशीबागेत मिळतात साधे, बास झाले. स्टीलच्या पेल्यात नको, रंगही दिसत नाही आणि वासही पसरट होतो. आधी न फिरवता वास घ्या, मग दोनदा फिरवून परत, फरक कळेल. वासाला इंग्रजी फळांची नावं शोधू नका, आपण ब्लॅककरंट कधी खाल्लंय? जांभूळ, करवंद, मनुका, मिरी, ढोबळी मिरची (कॅबरनेत येते कधीकधी), तंबाखूची डबी, ओली माती, जे आठवेल ते बोला.

मग छोटा घोट, तोंडात दोन क्षण सगळीकडे फिरवायचा, हिरड्यांना लागू द्यायचा, गिळायचा. चार गोष्टी बघायच्या, आंबटपणा किती (गालातून पाणी सुटतं त्यावरून), तुरटपणा किती आणि तो बारीक रव्यासारखा की भरड, घशात गरम किती लागतं, आणि गिळल्यावर चव किती वेळ मागे राहते. पहिल्या घोटावर मत देऊ नका. पहिला घोट जीभ धुवायला जातो. दुसरा खाऊन झाल्यावर घ्या.

बाटली तासभर आधी उघडून जगमध्ये ओतून ठेवा. बूच नुसतं काढून ठेवण्याने काही होत नाही, त्या एवढ्याशा तोंडातून हवा किती जाणार. ओतली की हवा लागते, तरुण तुरट वाइन जरा माणसात येते. पाण्याचा स्वच्छ काचेचा जग चालतो. जग फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर शेजारी कापलेला कांदा नको!

आणि ताट जमत नाहीये असं वाटलं तर मटणावर लिंबू पिळा आणि चिमूटभर मीठ टाका, त्याने वाइन लगेच मऊ लागते. हॉटेलात आम्ही हे गुपचूप करायचो.


मसालेभात

नवीन बाटली घ्यायची तर कुठली? हजाराच्या पुढेमागे.


मृणू_बाणेर

आमचं मत, बाकीच्यांचं वेगळं असेल. मिरी-लवंगवाल्या जेवणाला सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, तिला ओक आहे. ग्रोव्हर झाम्पाची ला रिझर्व्ह कॅबरने-शिराझ, ती बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची, वांग्याबरोबर घेतली ती हीच. आणि फ्रतेल्लीची सेत्ते जरा महाग, पण आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची, सांजोव्हेझे आणि कॅबरने मिसळून केलेली, टोमॅटोच्या रस्सेदार भाजीला तिचा आंबटपणा बरा पडतो. शाकाहारी घरात पहिली घेणार असाल तर ती घ्या.


सदाशिवकर

अकलूजला वाइन होते? आमच्या माहितीत ऊस होता.


धायरीकर_अभि

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला. काल ताईचा वाढदिवस पार पडला.

भावजींना काही सांगितलं नव्हतं. बाटली दुपारीच जगमध्ये ओतली, मग पाऊण तास फ्रीज (कांदा बाहेर). शिवाजी मार्केटमधून मटण आणलं, नल्ल्या आणि चाप मागून घेतले, चरबी काढू नको सांगितल्यावर खाटीक दोनदा बघायला लागला. आईला समजावणं हे खरं काम होतं. "मिरची कमी म्हणजे काय, आजारी आहे का कोण?" शेवटी तह झाला, तांबडा होणारच पण तो वाइन संपल्यावर, आणि आधी एक सुकं, त्यात ब्याडगी, काळी मिरी भरड कुटून, लवंग, भाजलेलं सुकं खोबरं, कांदा पार काळा होईस्तोवर परतलेला. आणि अळणी, या वेळी मोठ्या पातेल्यात. मृणूताईंची बिनगुळाची वांगीपण केली काकूंसाठी, त्यांची एकादशी नव्हती पण शनिवार होता.

काकूंनी वास घेऊन पहिल्यांदा काय म्हटलं असेल? "करवंदाची जाळी." मी द्राक्षबाग दादांचं नाव घेऊन जांभूळ-चूल सांगितलं तर म्हणाल्या चूल नाही, चुलीतलं विझलेलं लाकूड. त्यांनी अर्धा ग्लास संपवला, वांग्याबरोबर. काकांना मिरी येत नव्हती, भावजींना येत होती, दोघं वाद घालायला लागले तेव्हा पाषाणकरांचं पाचातला एक वाचून दाखवलं, तर काका म्हणतात तो एक मी नाही, तू असशील.

सुक्याबरोबर छान लागली, खरंच छान, पण अळणीच्या नल्लीबरोबर जी लागली ना, तुरटपणा नुसता कडेला उभा राहून बघतोय असं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त प्रत्येकाकडे आळीपाळीने बघत होते. मग तांबडा आला, तोपर्यंत जगमध्ये एक घोट उरला होता, तो मी मुद्दाम तांबड्यावर घेऊन बघितला. सदाशिवकर, तुम्ही जिंकलात, त्याला पांढराच पाहिजे.

भावजी खूश. एकच घोळ झाला, मोठ्या माणसांनी अळणीचं पातेलं पुसून काढलं आणि पोरगा जेवायला बसला तेव्हा त्याला वाढायला काहीच नाही. आईने त्याला तूप-भात दिला आणि आम्हाला जे सुनावलं ते इथे लिहिता येत नाही.


कॅम्पवाली

पुढच्या वेळी अळणी दीड किलोचं करा.